नवव्या कारंज्याची गुट्टी

नथ्थूजींना चहा विचारला की ते आधी पाणी मागत. घोट तोंडात घेत, जिभेवर इकडून तिकडे फिरवत, डोळे मिटत आणि गिळून झाला की पाणी कुठल्या नदीचं याचा निकाल देत. "कन्हानचं." किंवा "पेंचचं. पन टाकी दिवाळीपासून धुतली नाई तुम्ही." ज्याच्या घरी हे चाललेलं असे त्याचा चेहरा उतरे, कारण टाकी खरोखरच धुतलेली नसे. मग नथ्थूजी शांतपणे चहा पीत आणि साखर कमी आहे असं सांगत.

मी उद्यान विभागात कनिष्ठ अभियंता म्हणून लागले तेव्हा त्यांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष चालू होतं. ते फिटर आणि मी त्यांची साहेब. निदान हजेरीपटावर तरी तसं लिहिलेलं होतं. बुटका, काटक माणूस. खाकी शर्ट, पँट बारा महिने पोटरीपर्यंत दुमडलेली आणि उजव्या कानाला कायम माती. ही माती कुठून येते ते मला पहिला आठवडाभर कळलं नाही. मग एक दिवस बागेत गेले तर गृहस्थ हिरवळीवर आडवे. ऊन लागलं असेल म्हणून मी धावत गेले, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"चूप राहा म्याडम. खाली पानी बोलून राहिलं."

जमिनीखालचा नळ कुठे गळतो हे ते कान टेकवून ऐकत. यासाठी आमच्या खात्याकडे एक यंत्रही होतं. ते कपाटात होतं, आणि कपाटाची किल्ली बदली होऊन गेलेल्या एका माणसाच्या खिशात होती. नथ्थूजींच्या कानाला किल्ली लागत नव्हती. सक्करदऱ्याच्या घरी त्यांची बायको, यमुनाबाई, संध्याकाळी दारातच त्यांचा कान तपासायची. कान स्वच्छ असला की "आज दिवसभर टपरीवर बसले वाटते," एवढंच म्हणून आत जायची.

नागपुरात फिटर आणि खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण, खात नाही, हे ऐकून लोक मला खोटारडी समजतात. पण नथ्थूजींनी तो सोडला होता. "जीभ कामाची हाये म्याडम. तिले खर्रा चारला तं थे खोटं बोलाले लागते." मी एकदा त्यांची परीक्षा घ्यायची ठरवली. टेबलावर तीन ग्लास ठेवले. पहिल्याला ते म्हणाले कन्हान, दुसऱ्याला पेंच. दोन्ही बरोबर. तिसऱ्यात मी घरून फिल्टरचं पाणी आणलं होतं. ते त्यांनी बराच वेळ तोंडात घोळवलं, गिळलं, ग्लासात वाकून पाहिलं आणि काळजीनं म्हणाले, "याच्यात पानीच नाई."

शहराच्या पश्चिमेला टेकडीच्या पायथ्याशी आमची कारंजीबाग आहे. राजेशाहीच्या काळातली. टेकडीवर एक जिवंत झरा, तिथून मातीचे भाजलेले खापरी नळ जमिनीखालून उतरतात आणि बागेतल्या हौदात येतात. हौदात दगडी कमळं, प्रत्येक कमळात एक कारंजं, अशी नऊ. मोटार नाही, वीज नाही. पाणी उंचावरून येतं म्हणून आपलं आपण उडतं. मी पाहिलं तेव्हा मात्र नऊही कमळं कोरडी होती, आणि मधोमध एक सिमेंटचं मोटारीवरचं कारंजं होतं. त्याची मोटार कधीचीच जळलेली होती. लोक त्यात चिप्सच्या पिशव्या टाकत.

आमच्या मोठ्या साहेबांनी या बागेचा कायापालट करायचं मनावर घेतलं होतं. झऱ्यावर स्लॅब टाकायचा, स्लॅबवर सेल्फी पॉइंट, खाली नवी मोटार, रंगीत दिवे आणि गाण्यांच्या तालावर नाचणारं पाणी. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त जिथे तिथे दिवे लावायची हौस होती. मोटारीसाठी पाण्याचा दाब किती लागेल हे विचारायला त्यांनी नथ्थूजींना बोलावलं. नथ्थूजींनी आधी साहेबांच्या बाटलीतलं पाणी मागून घेतलं, चाखलं, त्यावर काही बोलले नाहीत हे नशीब, आणि म्हणाले, "मोटार कायले पाह्यजे साहेब? झऱ्याले पानी हाये नं."

"झरा आटलाय. रिपोर्ट आहे तसा."

"रिपोर्टानं पिऊन पाह्यलं का?"

मी खिडकीबाहेर बघायला लागले. साहेबांना राग यायला हवा होता, पण त्यांना हसू आलं. म्हणाले, "ठीक आहे. दीड महिना देतो. नऊच्या नऊ कारंजी झऱ्याच्या पाण्यावर उडाली तर मोटार रद्द. एक जरी राहिलं तर स्लॅब. मंजूर?"

"मंजूर," नथ्थूजी म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

जिन्यात मी त्यांच्यावर बरीच चिडले. निवृत्तीला तीन महिने राहिलेल्या माणसानं शांतपणे दिवस काढावेत की पैजा माराव्यात? नथ्थूजी तोवर जिना उतरून बागेच्या वाटेला लागले होते.

मग साहित्याची यादी आली. खापरी नळाला सिमेंट धरत नाही, त्याला जुनाच मसाला लागतो, म्हणून त्यांनी लिहून दिलं: चुना, गूळ, बेलफळं, उडदाची डाळ, ताग. मी सही करून भांडार विभागाकडे पाठवलं. चार दिवसांनी कागद शेरा घेऊन परत आला. "सदर साहित्य पूजेचे दिसते. पूजेची तरतूद नाही." मी लिहिलं, पूजा नसून नळजोडणी आहे. कागद पुन्हा परत आला. "नळजोडणीत उडीद डाळीचे प्रयोजन स्पष्ट करावे." मी ते स्पष्ट करण्यात गुंतले होते तोवर नथ्थूजींनी बागेतल्याच बेलाची फळं उतरवली, कळमन्याच्या बाजारात काम करणाऱ्या साळ्याकडून गुळाची भेली आणली आणि डाळ घरच्या डब्यातून उचलली. पुढचे दोन रविवार त्यांच्या घरी वडे झाले नाहीत. तिसऱ्या रविवारी यमुनाबाई स्वतः बागेत आल्या, हौदाच्या काठावर उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "माहे वडे यातच गेले नं बाई?"

कमळं साफ करायला घेतली तेव्हा दिसलं की प्रत्येकाच्या भोकात सागवानी गुट्टी ठोकलेली होती. गुट्टी म्हणजे लाकडाचं तासलेलं बूच. नथ्थूजी छिन्नीनं हळूहळू सैल करत एकेक उपटू लागले. आठ निघाल्या. आठही सारख्या, डोक्यावर एकाच बाजूनं दिलेला तिरपा काप. लाकूड असं पक्कं की काल बसवल्यासारखं. मी म्हटलं, "कोणी बदमाशानं केलंय हे, पण काम मात्र चोख."

"बदमाश नव्हता म्याडम. नवीन होता." त्यांनी छिन्नी शर्टाला पुसली. "मीच होतो थो."

मग त्यांनी हौदातच बसून सांगितलं. नोकरीला लागून आठ दिवस झाले होते. मोटारीचं मोठं कारंजं यायचं होतं आणि या नऊ भोकांतून पाणी वाया जातं म्हणून तेव्हाच्या साहेबांनी ती बुजवायला सांगितली. "मी बुजवली. तासून तासून बुजवली, का सात पिढ्या निंगू नये. साहेबानं पाठ थोपटली. मी घरी पेढे नेले म्याडम, पेढे!" त्यांनी उजव्या हाताचा अंगठा वर केला. "ठोकाच्या आंधी गुट्टी अंगठ्यानं दाबून धरा लागे. खालून पानी धक्का मारे. मी हातोडा मारे. नऊच्या नऊ असेच बंद केले. तीस-बत्तीस वर्स झाले, थो धक्का अजून हाये अथी."

मोटार, स्लॅब, रंगीत दिवे ही सगळी माझी भांडणं होती. नथ्थूजींना आपल्या हातानं केलेलं आपल्याच हातानं उलटं करायचं होतं, आणि हातात साहेबाचा हुकूम आहे तोवर करायचं होतं. मला त्या क्षणी त्यांचं फार वाईट वाटलं आणि जिन्यात चिडल्याची लाजही वाटली. पण तसं बोलून दाखवायची सोय नव्हती, कारण लगेच ते म्हणाले, "आता नववीचं पाहा. हे शेवटची होती. तवा मी खुशीत होतो, जरा जास्तच ठोकली."

नववी गुट्टी आत घसरून नळाच्या गळ्यात जाऊन बसली होती. छिन्नी पोचेना, आकडा लागेना. कमळ फोडलं असतं तर काम दहा मिनिटांचं होतं. मी तसं सुचवलं.

"नाई. दगडाले हात नाई लावाचा. त्यानं कोनाचं काय बिघडवलं?"

नववं तसंच ठेवून आम्ही झऱ्याकडे वळलो. झऱ्याचं तोंड साफ केल्यावर पाणी जोरात नळात शिरू लागलं, पण खाली हौदात एक थेंब येईना. वाटेत कुठेतरी नळ फुटला होता. अर्ध्या मैलाच्या वाटेवर नथ्थूजींनी कान टेकवून पाहिला, पण मधून आता रस्ता जातो आणि ट्रकच्या आवाजात पाण्याचं बोलणं ऐकू येत नाही. "हळद टाकतो," ते म्हणाले. पिवळं पाणी जिथे निघेल तिथवर नळ शाबूत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दोन किलो हळद झऱ्यात सोडली आणि मी खाली हौदाशी बसून पिवळ्या रंगाची वाट पाहू लागले. बारा वाजले, एक वाजला. हौद कोरडाच.

दोनच्या सुमाराला बागेच्या भिंतीपलीकडून आरडाओरडा ऐकू आला. मग शंख वाजला. मग चक्क आरती सुरू झाली.

भिंतीपलीकडे गोमतीकाकूंचं घर. आठ दिवसांवर नातीचं लग्न, घर पाहुण्यांनी भरलेलं. तोवर नथ्थूजी टेकडीवरून खाली आले होते. आम्ही दोघं गेलो तर अंगणातल्या विहिरीभोवती बायकांची ही गर्दी. कठड्याला हळदकुंकू लागलेलं, आणि बादलीत पिवळंधमक पाणी. गोमतीकाकूंनी माझा हात धरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"पाह्य वं माय! आमच्या पोरीच्या लग्नाची हळद इहिरीनं लावून घेतली!"

मी नथ्थूजींकडे पाहिलं. त्यांनी भक्तिभावानं हात जोडले, पुढे होऊन ओंजळीत तीर्थ घेतलं, जिभेवर इकडून तिकडे फिरवलं, डोळे मिटले आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "झऱ्याचंच हाये. नळ काकूच्या अंगनात फुटला. सारं पानी इहिरीत उतरून राहिलं."

मला आनंद झाला. म्हटलं, उद्याच खणू. नथ्थूजी मान हलवायला लागले.

"लगन होऊ द्या."

"नथ्थूजी, दिवस किती राहिलेत माहीत आहे ना?"

"माईत हाये. पन लग्नघरचं पानी तोडत नसते म्याडम."

आठ दिवस काम बंद. पैजेचे आठ दिवस! मी रोज कॅलेंडर बघत होते आणि नथ्थूजी लग्नघरी मांडवाच्या नळाचे वायसर बदलून देत होते. लग्नाला आम्हाला आग्रहाचं बोलावणं होतं. मी अक्षता टाकून निघाले, ते मात्र शेवटच्या पंगतीपर्यंत थांबले आणि प्रत्येकाला विहिरीचं पाणी स्वतःच्या हातानं वाढत राहिले.

नात सासरी गेल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांनी गोमतीकाकूंना सगळं खरं सांगितलं. मी जवळच उभी होते आणि आता काकू आम्हाला हाकलणार याची मला खात्री होती. काकूंनी विहिरीत वाकून पाहिलं. मग म्हणाल्या, "म्हंजे थे हळद खोटी होती का रे बाप्पा?"

"खोटी कशी होईन माय? मी सोता टाकली. दोन किलो, घरच्या डब्यातली."

काकू हसायला लागल्या त्या पदर तोंडाला लावूनही थांबेनात. अंगण खणायची परवानगी मिळाली. अट एकच होती, विहीर कोरडी पडता कामा नये. नथ्थूजींनी नळ जोडला, डाळ-गूळ-बेलाचा मसाला भरला आणि सांध्यात एका ठिकाणी करंगळीएवढी जागा मुद्दाम मोकळी सोडली. सरकारी कामात मुद्दाम गळती ठेवणं हा गुन्हा आहे. मी त्या वेळी गोमतीकाकूंच्या तुळशीकडे बघत होते.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी सकाळी साहेब आले. आठ कारंजी दीड-दीड वीत उडत होती. मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा रडले होते, हे आता सांगायला हरकत नाही. साहेबांनी मात्र बोटानं मोजलं.

"आठ." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "नथ्थूजी, बोलणं नऊचं होतं."

नथ्थूजी हौदात उकिडवे बसले होते, उजवा कान नवव्या कमळाला लावून. ते उठले आणि वडाखाली रोज सकाळी हात वर करून हसणारं एक हास्यमंडळ होतं, त्यांच्याकडे बघून ओरडले, "ओ हसनेवाले! जरा अथी या जी!"

सहा जण आले, सगळे साठीच्या पुढचे. नथ्थूजींनी त्यांना चपला काढायला लावल्या आणि एकेकाला एकेका कमळाशी उभं केलं. "अंगठा ठेवा. पानी ढकलन, ढकलू द्या, पन सोडू नोका." सहा कारंजी बंद झाली. सातव्याशी मी बसले. आठवं उरलं. नथ्थूजींनी बागेत सगळीकडे नजर फिरवली आणि ती साहेबांवर येऊन थांबली.

"मी?" साहेब म्हणाले.

"एक अंगठा कमी पडून राहिला साहेब."

साहेबांनी बुटांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहायचं टाळलं. मग त्यांनी घड्याळ खिशात टाकलं, बूट-मोजे काढले, पँट दुमडली आणि पाण्यात उतरले.

अंगठ्याखाली पाणी थंडगार होतं. वासरू तोंडानं ढुशी देतं तसं ते खालून ढकलत होतं. त्या वेळी मला कळलं की नथ्थूजींच्या अंगठ्यात बत्तीस वर्षं काय राहिलं होतं. आठांचं पाणी अडलं आणि सगळा जोर नवव्याकडे गेला. आधी आतून गुरगुर आली, मग नुसती शांतता. नथ्थूजी कमळावर वाकून भोकात डोळा लावून बघू लागले. मी ओरडले, "तोंड बाजूला घ्या!"

गुट्टी सुटली ती थेट त्यांच्या कपाळावर. ते मागच्या मागे हौदात बसले, आणि त्यांच्या डोक्याच्याही वर नववं कारंजं उडालं.

"पाह्य वं! पाह्य वं पोरी, आली!" ते ओरडले. मग तोंडावरचं पाणी पुसत, एकदम सावरून, "म्हंजे... पाहा म्याडम."

हास्यमंडळाचे सहाही जण त्या दिवशी व्यायामाशिवाय हसले. साहेब मात्र अजून आठव्या कारंज्यावर अंगठा दाबून वाकलेले होते. त्यांना कोणी काही सांगितलंच नव्हतं. "सोडू का आता?" त्यांनी विचारलं. स्लॅबच्या फायलीवर त्यांनी तिथेच हौदाच्या काठावर, ओल्या हातानं, "मोटारीची आवश्यकता नाही" असं लिहिलं. तो कागद अजून सुरकुतलेला आहे.

नथ्थूजींच्या कपाळावर राहिलेला वण त्यांच्या निरोपसमारंभाच्या फोटोतही दिसतो. गुट्टी त्यांनी घरी नेली. यमुनाबाई ती स्वयंपाकघराचं दार अडवायला वापरतात. नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात नथ्थूजींचं एकच काम शिल्लक होतं. कारंजी बंद करून नववं उडवण्याचा खेळ सगळ्या बागेला कळला होता आणि जो येई तो अंगठा लावून बघे. वैतागून त्यांनी स्वतःच्या हातानं पाटी रंगवली: "कारंज्यांना हात लावू नये. अंगठा तर नाहीच."

पुढे माझी दुसऱ्या विभागात बदली झाली. मागच्या हिवाळ्यात एका सकाळी त्या बाजूला काम होतं म्हणून बागेत डोकावले. नऊही कारंजी चालू होती. हौदात कोणीतरी म्हातारा उतरलेला होता आणि काठावरून नवा शिपाई शिट्टी फुंकत होता. जवळ गेले तेव्हा पाठीवरून ओळखू आले. पांढरा पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला, उजव्या कानाला माती, आणि अंगठा नवव्या कारंज्यावर.

"ओ बाबाजी, पाटी वाचता येते का नाई?"

"येते नं. मीच लिवली."

शिपायाचा विश्वास बसला नाही, आणि त्यात त्याची चूक नव्हती. "मंग कायले दाबून राहिले जी रोज रोज?"

मी मध्ये पडून ओळख करून देणार होते. पण नथ्थूजींनी पाटीकडे पाहिलं, मग शिपायाकडे, आणि त्याला समजावून सांगितल्यासारखं म्हणाले, "दाबाले कोन येते गा? मी सोडाले येतो."

आणि त्यांनी अंगठा उचलला.